सँडीगेटचं तिकीट: जगातल्या सर्वांत जुन्या फुटबॉल मैदानावर सामना पाहावा का?

इंग्लंडमधल्या शेफील्डला जाणार असाल आणि हातात एक शनिवार दुपार असेल, तर सँडीगेटला जा. पण जाण्याआधी तासभर वाचन करा. न वाचता गेलात तर तुम्हाला एक उतरतं मैदान, छोटं स्टँड, गार वारा आणि खालच्या पायरीवरचा धसमुसळा फुटबॉल दिसेल. मग 'यासाठी एवढ्या लांब आलो?' असा प्रश्न पडेल आणि तो रास्तही असेल. हॅलम फुटबॉल क्लबच्या या मैदानाची गिनीजनं जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून नोंद केली आहे. मात्र इथं त्या इतिहासाचं संग्रहालय मांडलेलं नाही. तो तुम्हीच सोबत न्यायचा आणि गवतावर ताडून पाहायचा. म्हणून हे परीक्षण निम्मं मैदानाचं आहे आणि निम्मं त्या तयारीचं.

आधी एक घोळ निस्तरू. शेफील्डमध्ये 'सर्वांत जुनं' ही पाटी एकाहून जास्त ठिकाणी लागते आणि पर्यटक हमखास चुकीच्या दारात उभा राहतो. सर्वांत जुना क्लब म्हणजे शेफील्ड एफसी, स्थापना २४ ऑक्टोबर १८५७. त्यांचं आजचं मैदान शहरात नसून शेजारच्या डर्बीशर परगण्यात ड्रॉनफील्डला आहे. सर्वांत जुनं मैदान हॅलमचं, म्हणजे सँडीगेट. मोठ्या व्यावसायिक क्लबच्या वापरात असलेलं सर्वांत जुनं स्टेडियम ब्रॅमल लेन. ते १८५५ मध्ये क्रिकेटसाठी सुरू झालं, १८६२ मध्ये तिथं पहिला फुटबॉल सामना झाला आणि आज ते शेफील्ड युनायटेडचं घर आहे. व्यावसायिक लीगमधला सर्वांत जुना क्लब नॉट्स काउंटी, १८६२ चा, तो तर नॉटिंगहॅमचा. (हे नॉट्स काउंटीही २०१९ ते २०२३ अशी चार वर्षं नॉन-लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार व्यावसायिक विभागांच्या खाली, होते. जुनेपणाला गुणतक्त्यात गुण मिळत नाहीत.) तुम्हाला नेमकं काय पाहायचंय हे ठरवा आणि मगच तिकीट काढा.

आता पोहोचण्याचं. सँडीगेट रोड शहराच्या पश्चिमेला, क्रॉसपूल या वस्तीत आहे. रेल्वे स्टेशनपासून अंतर साधारण पाच किलोमीटर, आणि जवळजवळ सगळी वाट चढाची. शेफील्डची ट्राम या बाजूला जात नाही. 'ट्रामनं जाऊ' असा बेत करून आलेले लोक युनिव्हर्सिटीजवळ उतरतात आणि मग उरलेला चढ पायी चढतात. सरळ शहराच्या मध्यभागातून क्रॉसपूल, लॉज मूर या दिशेची बस धरावी. मार्गांचे क्रमांक बदलत राहतात, त्यामुळे त्या दिवशीचं वेळापत्रक पाहिलेलं बरं. मैदान घरांच्या गर्दीत आहे. मोठ्या स्टेडियमसारखा वाहनतळ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. गाडी लावलीच तर लोकांच्या फाटकासमोर लावू नका. क्लबचे शेजाऱ्यांशी संबंध कसे राहतात, ते अशा गोष्टींवरच ठरतं.

शनिवारचा सामना दुपारी तीनला. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉल सामन्यांचं थेट प्रक्षेपण टीव्हीवर दाखवत नाहीत. खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांचा गल्ला टिकावा हा त्यामागचा हेतू, आणि सँडीगेटसारख्या ठिकाणी उभं राहिलं की त्याचा अर्थ लक्षात येतो. या पातळीवर प्रौढाचं तिकीट दहा पौंडांच्या आसपास, बहुतेकदा त्याहून थोडं कमीच असतं. जागा क्रमांकानं मिळत नाही. आत गेल्यावर हवं तिथं उभं राहा, हवं तेव्हा हला. कोविडनंतर हॅलमची गर्दी चांगलीच वाढली आहे आणि मैदानाची क्षमता तेराशेच्या आसपास. त्यामुळे 'फाटकावर बघू' हा नॉन-लीगचा जुना शिरस्ता इथं मोठ्या सामन्याला दगा देऊ शकतो. स्थानिक प्रतिस्पर्धी असेल किंवा बढतीची चुरस असेल, तर आधी ऑनलाइन तिकीट घ्यावं. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुट्टीतला शनिवार असेल तर नक्कीच, कारण त्या दिवशी प्रीमियर लीग बंद असते आणि मोठ्या क्लबांचे चाहते अशा मैदानांकडे वळतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हवामानाकडे दुर्लक्ष. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात या पातळीवरचे सामने सर्रास पुढे ढकलले जातात. मैदानाखाली तापवणाऱ्या नळ्या नाहीत, गवत खरं आहे आणि जागा उंचावर आहे. रात्री जमीन गोठली की सकाळी पंच येऊन मैदान तपासतो. बूट रुतत नसेल, चेंडू दगडावर आपटल्यासारखा उडत असेल, तर सामना रद्द. पावसाचं पाणी साचलं तरी तेच. उतारावरचं पाणी खालच्या कोपऱ्यात जमतं, त्यामुळे पाऊणशे टक्के मैदान ठीक असूनही एका कोपऱ्यामुळे खेळ थांबू शकतो. लंडनहून किंवा मँचेस्टरहून येणार असाल तर रेल्वेत बसण्याआधी क्लबच्या समाजमाध्यमांवरची सकाळची सूचना पाहाच. इतिहासाच्या ओढीनं जाणाऱ्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर किंवा एप्रिल उत्तम.

आता खुद्द मैदान. पहिली नजर उताराकडे जाते आणि जायलाच हवी. मैदान एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे स्पष्ट उतरतं. कॅमेऱ्यात हा उतार निम्माही येत नाही. त्याचा अंदाज घ्यायचा तर गोलच्या मागे उभं राहून आडव्या दांड्याकडे आणि त्यामागच्या घरांच्या छपरांकडे एकदम पाहा. बाजूलाच क्रिकेटचं मैदान आहे. हॅलमचा क्रिकेट क्लब १८०४ चा, फुटबॉल क्लबपेक्षा छप्पन्न वर्षांनी मोठा. फुटबॉल क्लब निघाला तो त्याच्याच सभासदांतून. म्हणजे फुटबॉल इथं मुळात भाडेकरू म्हणून आला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंना अंगात ऊब राहावी म्हणून काहीतरी खेळ हवा होता, आणि शेफील्डचा सुरुवातीचा फुटबॉल जवळजवळ सगळा याच गरजेतून निघाला.

उतार खेळ कसा बदलतो हे ठरवून पाहावं, कारण या तिकिटातली सगळ्यात करमणुकीची गोष्ट तीच आहे. नाणेफेक जिंकणारा कर्णधार कोणती बाजू घेतो त्याकडे लक्ष द्या. उताराच्या दिशेनं हल्ला करणं सोपं असेल असं वाटतं, पण बचावफळीच्या मागे टाकलेला लांब पास उतारावर थांबत नाही. धावणारा पोहोचायच्या आत चेंडू गोलरक्षकाच्या हातात किंवा रेषेबाहेर. चढाच्या दिशेनं मारलेला तोच पास मात्र वेग हरवून पायाशी थबकतो. म्हणून जाणते संघ खाली खेळताना चेंडू पायाशी आखूड ठेवतात आणि वर खेळताना मोकळ्या जागेत सोडतात. नवखा पाहुणा संघ नेमकं उलटं करतो आणि पहिली वीस मिनिटं चेंडू आणायला धावण्यात घालवतो. गोलरक्षकांचंही तसंच. वाऱ्याची साथ असताना उताराकडे मारलेली किक समोरच्या गोलरक्षकापर्यंत सहज जाते, तर उलट बाजूनं मारलेली मध्यरेषेच्या आसपासच पडते. कॉर्नरच्या वेळी वरच्या कोपऱ्यातून आलेला चेंडू आणि खालच्या कोपऱ्यातून आलेला चेंडू यांच्या उंचीत पडणारा फरकही पाहण्यासारखा.

उभं कुठं राहावं? पहिल्या अर्ध्यात ज्या गोलवर हॅलम हल्ला करतंय त्याच्या मागे, आणि मध्यंतरात दुसऱ्या टोकाला. इंग्लंडच्या खालच्या पायऱ्यांवर प्रेक्षकांनी असं टोक बदलणं नेहमीचं आहे, कुणी अडवत नाही. कठड्याला टेकून उभं राहिलं की खेळाडूंचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं, शिव्यांसकट. लहान मुलं सोबत असतील तर राखीव खेळाडूंच्या बाकांपासून जरा लांब राहावं. पाऊस असेल तर मात्र स्टँडमधली छपराखालची जागा आधी धरा. बसायच्या जागा अडीचशेच्या आसपास असल्यानं त्या लवकर भरतात. डिसेंबरात शेफील्डला सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणजे उत्तरार्ध पूर्ण दिव्यांखाली; जाड मोजे आणि टोपी हवीच.

फुटबॉलचा दर्जा याबद्दल भ्रम नकोत. इंग्लंडच्या रचनेत वर प्रीमियर लीग आणि इंग्लिश फुटबॉल लीगचे (ईएफएल) तीन विभाग, म्हणजे चार पातळ्या. त्याखाली नॉन-लीग सुरू होतं आणि त्याच्या पायऱ्या पुन्हा एकपासून मोजतात. नॅशनल लीग पहिली पायरी, म्हणजे एकूणातली पाचवी पातळी. हॅलम बराच काळ नॉर्दर्न काउंटीज ईस्ट लीगमध्ये खेळला. ही लीग १९८२ मध्ये यॉर्कशर लीग आणि मिडलँड लीग एकत्र येऊन झाली. २०२२ मध्ये क्लब तिच्या प्रीमियर डिव्हिजनमध्ये चढला, ती नॉन-लीगची पाचवी पायरी, एकूणातली नववी पातळी. इथले खेळाडू आठवडाभर नोकरी करतात, संध्याकाळी सराव करतात आणि थोडंफार मानधन घेतात. वेग अपेक्षेपेक्षा जास्त असतो, पहिला स्पर्श अपेक्षेपेक्षा कमी, आणि हवेतल्या चेंडूसाठीची झुंज भरपूर. टीव्हीवरच्या फुटबॉलची सवय असलेल्याला पहिली दहा मिनिटं गोंधळ वाटतो. नंतर डोळा बसतो.

एक कारण ऑगस्टात जायचंही आहे. एफए कप म्हणजे इंग्लिश फुटबॉल संघटनेची (एफए) बाद फेरीची स्पर्धा; तिच्या अगदी सुरुवातीच्या फेऱ्या तेव्हाच होतात आणि या पायरीचे क्लब तिथूनच उतरतात. पाचव्या-सहाव्या पायरीसाठी एफए व्हाज ही वेगळी स्पर्धा असते, तिचा अंतिम सामना वेम्बलीवर. अशा बाद फेरीच्या सामन्यात हॅलमसारख्या क्लबसाठी बक्षिसाची रक्कम हंगामाचं गणित बदलू शकते, त्यामुळे खेळाडू एरवीपेक्षा जोरात धावतात.

खाण्यापिण्याचं लवकर उरकतो. नॉन-लीगच्या मैदानावर 'पाय' (सारण भरून भाजलेली इंग्लिश पेस्ट्री), चिप्स, चहा हा नेहमीचा संच, आणि शेफील्डमध्ये या 'पाय'वर हेंडरसन्स रेलिश ओतण्याची रीत आहे. १८८५ पासून याच शहरात बनणारं हे आंबटगोड, मसालेदार सॉस मांसाहारी नाही. बोव्हरिल मात्र जपून. गरम काढा म्हणून कपातून मिळतो, पण तो गोमांसाच्या अर्काचा असतो. मोठ्या मैदानांत खेळ दिसेल अशा जागी दारू प्यायला १९८५ च्या कायद्यानं बंदी आहे. तो निर्बंध वरच्या लीगच्या क्लबांना लागू होतो, या पायरीवरच्या लीग सामन्यांना नाही, म्हणून इथं ग्लास हातात घेऊन कठड्याशी उभं राहता येतं. काचेचा ग्लास मात्र सहसा मैदानाजवळ नेऊ देत नाहीत. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, आणि भरलेल्या मैदानावर ते सगळं रांगेतच जातं. चाळिसाव्या मिनिटाला उठावं किंवा उत्तरार्ध सुरू होईपर्यंत थांबावं. सामन्याआधी बसायचं असेल तर मैदानासमोरच रस्त्यापलीकडे द प्लाउ हा जुना पब आहे.

आता ते तासाभराचं वाचन. सँडीगेटच्या कठड्याशी उभं राहून चार गोष्टी डोक्यात असल्या तर तिकीट वसूल होतं.

पहिली, अर्थात, २६ डिसेंबर १८६० ची. हॅलम क्लब त्याच वर्षी ४ सप्टेंबरला स्थापन झाला. पुढाकार जॉन चार्ल्स शॉ आणि थॉमस व्हिकर्स यांचा. त्याआधी तीन वर्षं शेफील्ड एफसी होता, पण त्याला खेळायला दुसरा क्लबच नव्हता. सभासद आपसांत गट पाडून खेळायचे, विवाहित विरुद्ध अविवाहित अशा धर्तीवर. हॅलम आल्यावर पहिल्यांदा 'दुसऱ्या क्लबाशी सामना' ही गोष्ट शक्य झाली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बर्फावर, याच ठिकाणी तो झाला. शेफील्डचे सोळा जण हॅलम आणि शेजारच्या स्टंपरलोच्या वीस जणांविरुद्ध उतरले आणि कमी माणसं असूनही २-० नं जिंकले. आज हे दोन क्लब भिडतात तेव्हा त्याला जगातली सर्वांत जुनी डर्बी, म्हणजे स्थानिक प्रतिस्पर्ध्यांची लढत, म्हणतात. तो सामना वेळापत्रकात दिसला तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट त्या काळच्या नियमांची, आणि इथं उतार पुन्हा आडवा येतो. शेफील्ड एफसीचे नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी १८५८ मध्ये जे नियम क्लबकडून संमत करून घेतले त्यात ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पुढे आधीच जाऊन उभं राहायला मनाई, नव्हता. त्यामुळे समोरच्या गोलजवळ कायमचे तळ ठोकून बसणारे खेळाडू असत, त्यांना 'किक-थ्रू' म्हणत. चेंडू हवेतच झेलला तर फ्री किक मिळे. हातानं ढकलणंही चाले. १८६२ च्या नियमांनुसार मध्यंतराला बाजू बदलायची ती तोपर्यंत गोल झाला नसेल तरच. हा नियम सँडीगेटच्या उतारावर लावून पाहा. उताराचा फायदा उठवून गोल केलात की तो फायदा गमावून बसलात, कारण गोल झाला की बाजू बदलायची रीत होती. कागदावर विचित्र वाटणारा नियम अशा मैदानावर अगदी व्यवहारी ठरतो. फ्री किक, कॉर्नर, आडवा पक्का दांडा या आज गृहीत धरलेल्या गोष्टी शेफील्डच्या नियमांत लंडनच्या आधी रुळल्या. कॉर्नर इथं १८६८ मध्ये आला, लंडनच्या एफएनं तो १८७२ मध्ये घेतला. ३१ मार्च १८६६ ला बॅटर्सी पार्कात शेफील्ड लंडनशी खेळलं आणि हरलं, पण शेफील्डकर डोक्यानं चेंडू मारतात हे पाहून लंडनवाल्यांना हसू आवरेना. दोन्हीकडचे नियम एक व्हायला १८७७ उजाडलं.

तिसरी गोष्ट मारामारीची. २९ डिसेंबर १८६२, ब्रॅमल लेन, पुन्हा शेफील्ड विरुद्ध हॅलम. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना, लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांवर उपासमारीची पाळी आली. त्यांच्या मदतनिधीसाठी हा सामना होता. तीन तास चालला, गोल एकही नाही. मध्येच क्रेसविक आणि हॅलमचा विल्यम वॉटरफॉल यांची जुंपली, वॉटरफॉलनं जाकीट काढून फेकलं आणि प्रेक्षकही मैदानात उतरले. दानधर्मासाठीच्या सामन्यात हाणामारी. इंग्लिश स्थानिक फुटबॉलचा स्वभाव तिथंच ठरला म्हणायचा.

चौथी गोष्ट चषकाची, आणि ती सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखी. १८६७ मध्ये शेफील्डचे नाट्यगृहमालक थॉमस यूडन यांनी बारा क्लबांची स्पर्धा भरवली. फुटबॉलमधली चषकासाठीची ही पहिली स्पर्धा. एफए कप त्यानंतर चार वर्षांनी सुरू झाला. ५ मार्चला ब्रॅमल लेनवर तीन हजार लोकांसमोर हॅलमनं नॉरफोक या क्लबला हरवलं. निकाल पाहिला तर गोल शून्यच: हॅलम जिंकलं दोन 'रूज'च्या जोरावर. रूज म्हणजे काय ते मैदानावर उभं राहून कल्पावं. तेव्हा गोल फक्त ४ यार्डांचा होता, म्हणजे ३.६६ मीटर, आजच्या बरोबर निम्मा. गोलच्या प्रत्येक खांबापासून बाहेर ४ यार्डांवर एक निशाण रोवलेलं असे. चेंडू गोलला चुकला पण निशाणांच्या आतून गेला, आणि हल्ला करणाऱ्या खेळाडूनं धावत जाऊन तो आधी जमिनीला टेकवला, की एक रूज. गोलांची बरोबरी असेल तरच रूज मोजायचे. अरुंद गोलामुळे बरोबरी वारंवार होई, आणि ती फोडायला ईटन शाळेच्या खेळातून ही युक्ती उचलली होती. पुढे १८६८ मध्ये गोल ८ यार्डांचा केला आणि रूज रद्द झाला, कारण त्याची गरजच उरली नाही. आज गोलच्या मागे उभं राहिलात तर दोन खांबांमधली ७.३२ मीटरची जागा पाहा. दोन्ही बाजूंनी सुमारे दोन-दोन मीटर वाढवली की रूजच्या दोन निशाणांमधली पूर्ण रुंदी मिळते, साधारण अकरा मीटर.

तो चषक नंतर हरवला. किती पिढ्या तो कुठं होता हे कळायला मार्ग नाही. १९९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे तो निघाला आणि हॅलमनं २,००० पौंडांना परत घेतला. पुढे बीबीसीच्या 'अँटिक्स रोडशो'त त्याची किंमत एक लाख पौंडांच्या घरात सांगितली गेली. त्यामुळे तो क्लबहाउसच्या कपाटात नुसता मांडून ठेवलेला दिसेल असं गृहीत धरून जाऊ नका. चषक पाहणं हाच हेतू असेल तर क्लबला आधी विचारावं.

एवढं सगळं असूनही हॅलम खाली का राहिला? १८८५ मध्ये एफएनं पैसे देऊन खेळाडू ठेवायला परवानगी दिली. शेफील्ड वेन्सडे १८८७ मध्ये व्यावसायिक झाला, १८८९ मध्ये ब्रॅमल लेनच्या मालकांनी शेफील्ड युनायटेड काढला. गर्दी आणि पैसा त्या दोघांकडे गेला. हॅलम आणि शेफील्ड एफसी हौशी राहिले. याला कुणी तत्त्वनिष्ठा म्हणतं. पण कुंपण घालून पैसे वसूल करता येतील असं शहराजवळचं मोठं मैदान आणि मागे उभा राहणारा पैसेवाला, या दोन्ही गोष्टींशिवाय तेव्हा व्यावसायिक होता येत नव्हतं, हे कारणही तितकंच खरं. उपनगरातल्या टेकडीवरचं, क्रिकेटच्या शेजारचं, उतरतं मैदान त्या शर्यतीत टिकणारं नव्हतं. आणि तेच मैदान मोठं, सपाट, चौफेर स्टँडांचं झालं असतं तर आज पाहायला जाण्यासारखं काय उरलं असतं, हाही प्रश्नच.

तुलनेसाठी ड्रॉनफील्डचं शेफील्ड एफसी. जाणं तिथं सोपं: शेफील्डहून चेस्टरफील्डच्या दिशेची लोकल, दहा-बारा मिनिटांत ड्रॉनफील्ड, पुढे चालत. पबच्या शेजारचं मैदान, नाव कोच अँड हॉर्सेस. क्लबच्या नावावर बरंच काही आहे: १९०४ चा एफए अमॅच्युअर कप, १९७७ मध्ये एफए व्हाजच्या अंतिम फेरीत वेम्बली, २००४ मध्ये फिफाचा ऑर्डर ऑफ मेरिट. क्लबांपैकी तो मान दोघांनाच मिळाला, दुसरा रेआल माद्रिद. दीडशेव्या वर्षी, २००७ मध्ये, इंटर मिलान ब्रॅमल लेनवर खेळायला आला, पेले पाहायला आले, आणि इंटर ५-२ नं जिंकला. पण मैदान म्हणून ड्रॉनफील्ड निराश करतं, कारण क्लब तिथं २००१ पासूनच आहे. त्याआधीची जवळजवळ दीडशे वर्षं तो भाड्याच्या मैदानांवर फिरत राहिला. त्यातही १८५८ चे मूळ नियम आणि जुनी कागदपत्रं २०११ मध्ये सदबीजच्या लिलावात ८,८१,२५० पौंडांना विकली गेली. पैशाची गरज समजते, तरी क्लबच्या जन्माचा दाखलाच गेला याची चुटपुट लागते. बिल्ला, मफलर, टी-शर्ट घ्यायचा तर मात्र शेफील्ड एफसीच बरा: 'जगातला पहिला क्लब' हे शब्द लोकांना लगेच कळतात. पाहायचं असेल तर सँडीगेट.

दोन्ही एकाच शनिवारी जमत नाहीत, कारण दोन्हीकडे तीनलाच सुरुवात. शनिवार सँडीगेटला द्यावा आणि मंगळवारची संध्याकाळ ड्रॉनफील्डला, किंवा उलट. आठवड्यातले सामने पावणेआठला सुरू होऊन साडेनऊच्या पुढे संपतात. दिव्यांखालच्या फुटबॉलचा पहिला गाजलेला सामनाही याच शहरातला, १४ ऑक्टोबर १८७८ चा, ब्रॅमल लेनवर. सँडीगेटला रात्री गेलात तर परतीच्या बसची वेळ आधी पाहून ठेवा, कारण रात्री फेऱ्या विरळ होतात. बस चुकलीच तर स्टेशनपर्यंतची वाट निदान उताराची आहे, तासाभरात पोहोचाल. ड्रॉनफील्डहून रात्रीच्या लोकलही मोजक्याच असतात. तिथं मात्र चालत परतायचा विचार करू नका.